भूमिका काढली, तरी अधिकार उरलाच

फोंड्यातील एका पतसंस्थेत संगणकाचे काम पाहताना कर्मचाऱ्यांचे सर्व लॉगिन कीक्लोक या लॉगिन आणि अधिकार सांभाळणाऱ्या मुक्त-स्रोत प्रणालीवर आणण्याची जबाबदारी माझ्यावर आली. लॉगिन तयार करणे दोन दिवसांत उरकले. कोणाला काय करता यावे, हे ठरवताना मात्र महिना गेला.

या प्रणालीत भूमिका म्हणजे कामाचा अधिकार आणि गट म्हणजे माणसाचे ठिकाण. गटाला भूमिका जोडली की त्याच्या प्रत्येक सदस्याला ती आपोआप मिळते आणि उपगटातही उतरते. मला हे ठाऊक होते. तरीही सुरुवातीच्या घाईत, गट तयार होण्याआधीच, मी काही जणांच्या खात्यावर थेट भूमिका चिकटवल्या आणि नंतर त्या काढायचे विसरलो.

चवथीच्या आधी आमच्या एका लिपिक बाईंची मडगावला बदली झाली. मी त्यांना फोंडा गटातून काढून मडगाव गटात घातले आणि काम झाले असे समजलो. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, ‘‘सर, मला अजून फोंड्याची कर्जप्रकरणे दिसतात. उघडूनही पाहिली.’’ त्यांनी स्वतःहून सांगितले म्हणून कळले, एरवी लेखापरीक्षकांनीच हे माझ्यापुढे ठेवले असते. त्यांच्या खात्यातील भूमिकांची यादी उघडली, तेव्हा वारशाने आलेल्या भूमिका लपवण्याची खूण तशीच ठेवूनही ‘फोंडा-कर्जनोंद’ समोर दिसत होती. म्हणजे ती गटाकडून आलेली नव्हती, मीच थेट दिलेली होती. सदस्यत्व गेले की वारशाचा अधिकार जातो, थेट दिलेला जात नाही. ती काढल्यावरही काही मिनिटे प्रकरणे दिसतच राहिली, कारण भूमिका टोकनमध्ये, म्हणजे लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल परवान्यात, लिहिलेल्या असतात आणि प्रवेश-टोकनची मूळ मुदत 5 मिनिटांची असते.

मग एकेक खाते तपासले, तेव्हा अशी आणखी सात सापडली. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच निघाली: व्यवस्थापकाची भूमिका मी संयुक्त केली होती आणि तिच्या पोटात लिपिकाची भूमिकाही होती, त्यामुळे नोंद करणारा आणि मंजुरी देणारा एकच माणूस असू शकत होता. ती जोडणी तोडल्यावर व्यवस्थापक साहेब नाराज झाले, आणि त्यांनी थेट प्रशासकाचा अधिकारच मागितला. त्यांना खरे तर कोणाचे खाते चालू आहे एवढेच पाहायचे होते. त्यासाठी ‘व्ह्यू-युझर्स’ ही एक भूमिका पुरली.

आता भूमिका फक्त गटालाच देतो, आणि बदलीचा आदेश आला की गटासोबत थेट भूमिकांची यादीही उघडून पाहतो.