आधी नक्कल, मग दुरुस्ती

कॉम्प्युटरमधून कटकट आवाज येऊ लागला, एकेक फोल्डर उघडायला मिनिटं लागू लागली, तेव्हाच कळलं की ही १ टीबीची हार्ड डिस्क आता फार दिवस टिकत नाही. तिच्यात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

विंडोज सुरू होताना दर वेळी विचारायचं, डिस्क तपासून दुरुस्त करू का? मी ते होऊ दिलं नाही. ही दुरुस्ती करणारं विंडोजचं चेकडिस्क फाइलींच्या नोंदी सुधारायला त्याच डिस्कवर लिहितं. डिस्कच खराब होत असेल तर त्यात उरलंसुरलंही जाऊ शकतं.

विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू करून स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचा, अहवाल पाहिला. १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) मोजणीत, शून्य हवं. इथे आकडा वाढतच होता.

फाइली नेहमीसारख्या कॉपी करायला गेलं की खराब जागी डिस्क अडून बसते आणि तिथेच झिजते. म्हणून अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरला. तो सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो, अडलं की उडी मारून पुढे जातो आणि सोडलेल्या जागांची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतो. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. ही फाइल मी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली, कारण असं पेनड्राइव्हवरून चालवलेल्या मिंटला बंद केल्यावर काहीच आठवत नाही.

नवी डिस्क मुद्दाम २ टीबीची घेतली. जुनीपेक्षा जराही लहान असून चालत नाही, शिवाय दोन्ही लगेच ओळखू येतात. तरीही एंटर दाबण्याआधी स्टिकरवरचे सिरियल नंबर पडद्यावरच्यांशी ताडून पाहिले. इथे उलटसुलट झालं तर कोरी डिस्क जुनीवर उतरते आणि मग काहीच उरत नाही!

पहिली फेरी खराब जागा न कुरतडता केली, टेबलफॅन थेट डिस्कवर लावून. बहुतेक सगळा डेटा त्यातच आला. मग उरलेल्या जागा पुन्हा वाचायला लावल्या. थोडे सेक्टर शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. जुनी डिस्क काढून ठेवली आणि चेकडिस्क चालवलं ते फक्त नकलेवर.

कोणत्या फाइलींना धक्का लागला हे शोधायला डीडीरेस्क्यूनंच न वाचलेल्या जागी एक खुणेचा शब्द भरता येतो. मग तो शब्द फाइलींमध्ये शोधायचा. ओव्यांपैकी एकाच फाइलीत तो सापडला. ती वॅव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवलेली फाइल होती. गेलेला तुकडा ४०९६ बाइटांचा, आणि सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात तेवढं म्हणजे सेकंदाचा साधारण ४३वा भाग. तिथे शून्यं भरून ऐकलं, तर आजीचा एकही शब्द गेलेला नाही. सगळ्या ओव्यांची एक प्रत आता नाशिकला ताईकडे आहे.