निळ्या पडलेल्या तरुण पेशी

आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेला आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशी वाढवतात. ताज्या पेशी सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळत्या. फ्लास्क भरला की सोडवून नव्या फ्लास्कमध्ये टाकायच्या. असे पॅसेज करत गेलं की एक वेळ अशी येते, पेशी पसरट, अवाढव्य होतात आणि विभाजन थांबतं. मरत मात्र नाहीत, महिनोन्‌महिने तशाच तग धरून राहतात. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली फिलाडेल्फियात ही मर्यादा दाखवली, साधारण ५० विभाजनांची. दर विभाजनागणिक गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर झिजतात, हे त्याचं एक मोठं कारण.

या थकलेल्या पेशी ज्या मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, राहिल्या होत्या, तो गाळून मी काही दिवस तरुण पेशींना दिला. शेजारच्या प्लेटला, म्हणजे तुलनेसाठीच्या कंट्रोलला, तरुण पेशींचाच मीडिया. मग रंग घातला. विभाजन थांबलेल्या पेशी यात निळ्या होतात, पण सामू बरोबर ६ लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये तो बिघडतो, म्हणून रात्रभर प्लेटा साध्या इनक्युबेटरमध्ये, ३७ अंशांना.

सकाळी कंट्रोलमध्ये शोधून एखाददुसरी निळी पेशी दिसली. दुसऱ्या प्लेटमध्ये जिकडे बघावं तिकडे निळं.

"मॅडम, जरा येऊन बघता का?"

मॅडमनी आधी कंट्रोल बघितला, मग ही प्लेट, मग परत कंट्रोल. "सामू तपासला होतास?" तपासला होता.

मी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवरून डोळा काढला नाही. या पेशींची अजून कितीतरी विभाजनं शिल्लक होती! म्हातारपण म्हणजे निव्वळ झीज, हे मला त्या दिवसापासून पटत नाही. थांबलेली पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे दाहकारक रेणू सोडत राहते आणि शेजाऱ्यांनाही ओढते.

अशा पेशी काढून टाकल्या तर? लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांमध्ये २०११ साली ते करून दाखवलं गेलं. मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली, आयुष्य मात्र फारसं वाढलं नाही. अशा पेशी मारू शकणाऱ्या डासाटिनिब आणि क्वेर्सेटिन यांच्या जोडीच्या माणसांवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत. मला यातून खरीच आशा वाटते, पण कुणी आजच त्या गोळ्या मागवू लागलं की काळजी वाटते. याच थांबलेल्या पेशी जखम भरायला मदत करतात, आणि बिघडलेल्या पेशीचं विभाजन थांबणं हा कर्करोगाला लावलेला ब्रेक आहे.

मॅडमनी लगेच पुढची प्लेट लावायला सांगितली: तोच मीडिया, पण त्यात इंटरल्यूकिन-६ ला अडवणारी अँटिबॉडी घालून.