सायकलीतली हवा

सायकल घेताना माणूस फ्रेम बघतो, रंग बघतो, गिअर किती आहेत ते विचारतो, सीट दाबून बघतो आणि घंटी तर वाजवून बघतोच. हवेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. वास्तविक पुढच्या सगळ्या सायकलसंसारात जिच्यावाचून पदोपदी अडणार असते, ती हीच. फ्रेम बाप वापरतो आणि पुढे मुलगाही वापरतो, चेन काही हजार किलोमीटर निमूटपणे चालते, पण हवा दर आठवड्या-पंधरवड्याला नव्याने भरावी लागते, कारण ट्यूब धडधाकट असली तरी तिच्या रबरातून हवा अगदी सावकाश बाहेर झिरपत राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जिन्याखाली ठेवलेली सायकल जूनमध्ये बाहेर काढावी, तर दोन्ही चाके जमिनीला टेकलेली असतात आणि घरातले सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागतात.

पुण्यात ज्या काळ्या, उंच सायकलींवर दोन-तीन पिढ्या कचेरीत आणि कॉलेजात गेल्या, त्यांची हवा अडवून धरण्याची व्यवस्था पाहिली की मला अजूनही कौतुक वाटते. पितळेची एक बारीक नळी, तिच्या कुशीला एक छिद्र आणि त्या छिद्रावर चढवलेली बोटभर लांबीची रबरी व्हॉल्व्ह ट्यूब, एवढाच सारा कारभार. पंपाचा दाब आला की ते रबर किंचित उचलले जाते आणि हवा आत शिरते. दाब थांबला की आतली हवाच त्या रबराला छिद्रावर घट्ट आवळून धरते. म्हणजे आतल्या हवेवर पहारा ठेवायचे काम आतल्या हवेकडेच. ही व्हॉल्व्ह ट्यूब कुजली की चाक हळूहळू बसायचे, आणि तसे झाले आहे का हे ओळखायची दुकानदाराची पद्धत ठरलेली होती: जिभेवर बोट ओले करायचे, ते व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवायचे आणि बुडबुडा फुगतो का ते बघायचे. शाळेत मास्तरांवर राग निघे तोही याच पितळी नळीवर, कारण टायरला हात न लावता एक चकती फिरवली की क्षणात सूड पुरा होई. या व्हॉल्व्हमधून आतला दाब नीट मोजता येत नाही, त्यामुळे हवा पुरेशी आहे का हे अंगठ्याने टायर दाबून ठरवायचे आणि ज्याचा अंगठा जाड त्याचे मत ग्राह्य धरायचे, असाच रिवाज होता.

पंक्चर काढणे ही पाहण्यासारखी गोष्ट आहे, आणि तिच्याभोवती रिकामटेकडी माणसे जमतात यात मला काहीच गैर वाटत नाही. दुकान म्हणजे बहुधा झाडाखालची एक पेटी, वर टांगलेला जुना टायर आणि त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले ‘पंक्चर’. कारागीर चाक न उतरवताच पान्याच्या टोकाने टायरची एक कड रिमबाहेर काढतो, ट्यूब ओढून घेतो, तिच्यात थोडी हवा भरतो आणि गढूळ पाण्याच्या घमेल्यात ती तुकड्यातुकड्याने बुडवत सरकवू लागतो. कुठेतरी बारीक बुडबुड्यांची माळ उठते. तो त्या जागी अंगठा दाबून धरतो, ट्यूब पुसतो, कानशीने तेवढा भाग खरवडतो आणि सोल्युशन लावतो. इथून पुढे खरे कसब आहे आणि ते थांबण्याचे आहे: सोल्युशन ओले असताना ठिगळ चिकटवले तर ते दोन दिवसांत सुटते, म्हणून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत धीर धरावा लागतो. तेवढ्या वेळात कारागीर टायरच्या आतून बोटे फिरवून काटा अजून रुतलेला आहे का ते तपासतो. घरच्या घरी पंक्चर काढणारे नेमके हेच विसरतात आणि बाभळीचा तोच काटा त्याच ट्यूबला दुसऱ्यांदा टोचतो. छिद्र एकच असेल तर काटा किंवा खिळा. शेजारी शेजारी दोन समांतर चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळून ट्यूब रिमच्या कडेत चिमटली, हा पंचनामा तो ट्यूबकडे नुसते बघून करतो. पंक्चर बहुतेक वेळा मागच्याच चाकाला होते, कारण अंगाचा जास्त भार त्याच चाकावर असतो, शिवाय पुढचे चाक रस्त्यात आडवा पडलेला खिळा उभा करून मागच्याच्या स्वाधीन करते, असे म्हणतात. पावसाळ्यात हे प्रमाण वाढते, कारण ओल्या रबरात काच जास्त सहज शिरते.

ही सगळी यातायात ज्याच्यामुळे मागे लागली तो जॉन बॉइड डनलॉप बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर हादरे बसतात म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाभोवती बसवली आणि 1888 मध्ये पेटंट घेतले. त्याच्या आधी चाळीसेक वर्षे रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना पेटंट करून ठेवलेली होती, हे नंतर उघडकीला आले. मे 1889 मध्ये बेलफास्टलाच विल्यम ह्यूम हा स्वार हवेच्या टायरवर शर्यतीत उतरला आणि भरीव रबराच्या चाकांवरचे प्रतिस्पर्धी मागे पडले. पण ते टायर रिमला चक्क चिकटवलेले असत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंच्या कारखान्यात एकजण असेच पंक्चर घेऊन आला, तेव्हा दुरुस्तीला तीन तास लागले आणि वाळायला रात्र गेली. त्यातूनच काढता-घालता येणारा टायर निघाला आणि 1891 च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे 1,200 किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ त्याच टायरवर पहिला आला. माझ्या मते खरा शोध हा दुसरा होय. हवा भरणे एकवेळ सुचेल, पण ती जाणारच हे मान्य करून पुढची सोय करणे याला संसारी बुद्धी लागते.

आताच्या गिअरच्या सायकलींनी हवेचे गणित बदलले. मोटारीच्या टायरात साधारण 30 ते 35 पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) हवा पुरते, आणि शर्यतीच्या बोटाएवढ्या टायरला मात्र 80 ते 100 लागते, हे सांगितले की लोकांना थट्टा वाटते. टायर जमिनीला जेवढ्या जागेवर टेकतो तेवढ्याच जागेतल्या हवेने सगळे वजन पेलायचे असते, आणि इथे जागा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. या टायरांचा व्हॉल्व्हही बारीक, प्रेस्टा नावाचा, मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हशी त्याचे अजिबात जमत नाही. पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्यावर माझे मागचे चाक बसले तेव्हा नवी ट्यूब घातली गेली, पण हातपंपाची नळी तोंडाशीच फाटली. सायकल ढकलत पंक्चरच्या दुकानात पोहोचलो, तिथे कॉम्प्रेसर धडधडत होता, टाकी भरलेली होती, आणि दुकानदार हातात नळी धरून माझ्या चाकाकडे बघत राहिला. ‘‘साहेब, याला तोंडच नाही. हवा घालू कुठून?’’ त्याने आपल्या परीने चिंध्या गुंडाळून प्रयत्न केला, हवा सगळीकडे गेली, फक्त ट्यूबमध्ये गेली नाही. शेवटी विटा टाकून परत निघालेल्या टेम्पोच्या हौद्यात मी आणि सायकल असे दोघे चांदणी चौकापर्यंत आलो. ज्या पितळी अडॅप्टरने हा प्रश्न सुटला असता तो करंगळीच्या नखाएवढा असतो. तेव्हापासून तो माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

आतली हवा सांभाळली तरी बाहेरची उरतेच. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याहून पश्चिमेला निघालेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने जाताना पायांतली बहुतेक ताकद वारा कापण्यातच खर्च होते, आणि वेग दुप्पट करायचा तर वाऱ्यापोटी आठपट ताकद मोजावी लागते. म्हणून शर्यतीतले लोक एकमेकांच्या पाठीला चिकटून चालतात आणि पुढे कोणी राहायचे यावर अबोल राजकारण करतात. मुळशीला जाताना वारा समोरून येतो, तेव्हा आपण वाऱ्याला शिव्या देतो. येताना तोच पाठीशी असतो, तेव्हा मात्र वेगाचे सगळे श्रेय आपल्या मांड्यांना जाते. घरी आल्यावर सांगायचा असतो तो परतीचाच वेग.

घरी दाबमापक असलेला उभा पंप ठेवावा या मताचा मी आहे, कारण पेट्रोल पंपावरच्या हवेशी सायकलवाल्याचे कधी पटत नाही. तिथली हवा सायकलच्या एवढ्याशा ट्यूबला एका दमात येते आणि यंत्राजवळच्या मुलाचे लक्ष तोपर्यंत पुढच्या मोटारीकडे गेलेले असते. घरच्या पंपाची अडचण एवढीच की तो सोसायटीचा होतो. मुलांच्या सायकली, पाहुण्यांच्या स्कूटर, गणपतीतला फुगवायचा हत्ती, सगळे त्याच्यावर येते. तक्रार हवेची नाही, ती मी कोणालाही देईन. पण जुन्या लोखंडी पंपातला चामड्याचा वायसर कोरडा पडला की दांडा नुसता वरखाली होतो आणि दोन थेंब खोबरेल सोडायचे कष्ट उसना नेणारा कधीच घेत नाही. आमचा पंप सध्या दुसऱ्या मजल्यावर आहे.