गरीब देशांचाच अभ्यास का?

बडोद्याच्या दांडिया बाजारात लग्नामुंजीला गेले की पंगतीत कुणीतरी विचारतंच, "अर्थशास्त्र शिकवतेस, मग शेअरबाजाराचं काही सांग की! ते कोरिया नि घाना कशाला?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

माझ्या पणजीमुळे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, मुलींनाही. पणजी त्या सक्तीत शिकली. घराचा जमाखर्च पुढे आयुष्यभर तिच्याच हातचा, आणे-पैसह. त्या वह्यांत जमेच्या बाजूला तिच्या स्वतःच्या कमाईचा एक रुपयाही नाही. शाळा मिळाली, काम मिळालं नाही.

पुष्कळ गरीब देशांचं असंच झालं. १९६० नंतर शाळा भराभर वाढल्या, उत्पन्न त्या मानाने वाढलं नाही. सेंट लुशियासारख्या चिमुकल्या बेटावर जन्मलेले अर्थतज्ज्ञ आर्थर लुइस यांनी १९५४ मध्येच दुसरी बाजू मांडली होती. शेतात चौघांच्या कामाला सहा जण राबत असतील, तर दोघे कारखान्यात गेले तरी पीक घटत नाही. कारखान्याचा नफा पुन्हा कारखान्यातच घातला, की आणखी दोघांना जागा होते. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण यात गरीब माणूस आळशी किंवा अडाणी ठरत नाही. त्याला जायला जागा नसते, एवढंच.

दक्षिण कोरियाने शाळाही काढल्या आणि निर्यातीचे कारखानेही. तिथे तीन दशकं दरडोई उत्पन्न वर्षाला सहा टक्क्यांहून जास्त वाढलं. आपल्याकडे १९५० ते १९८० या काळात एकूण वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्येची वाढ वजा केली की माणशी सव्वा टक्का उरतो. सत्तरला त्या दराने भागा, म्हणजे उत्पन्न दुप्पट व्हायला लागणारी वर्षं कळतात. कोरियात बारासुद्धा नाहीत. आपल्याकडे पन्नासच्या वर! फळ्यावर हा भागाकार करताना दर वर्षी माझा हात थबकतो. एवढ्या वर्षांत एक अख्खी पिढी म्हातारी होते.

आता माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत, अभ्यासात पुढे आहेत. त्यांतल्या किती जणींना पुढे पगार मिळेल, ते मी कितीही चांगलं शिकवलं तरी माझ्या हातात नाही. ते कशावर ठरतं, तेच मी शोधते आहे.