टोमण्यांची मोजदाद

‘हाय ईई’ हा शब्द केसपेपरवर लिहायला मला आवडत नाही. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. फाइलवर तो शब्द चढला की पुढच्या राउंडला कोणीतरी ‘घरचेच त्रास देतात’ असा अर्थ काढतो, आणि आई बिचारी कोपऱ्यात उभी असते.

ईई म्हणजे एक्सप्रेस्ड इमोशन, पेशंटबद्दल बोलताना घरच्यांच्या बोलण्यातून दिसणाऱ्या भावना. लंडनमध्ये १९५०च्या दशकात समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना दिसलं की हॉस्पिटलमधून सुटून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पेशंट भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा दाखल होतात. घरात असं काय होतं, हे शोधता शोधता कॅम्बरवेल फॅमिली इंटरव्ह्यू तयार झाला. पेशंटला बाहेर बसवून नातेवाइकाशी एकट्यात बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि नंतर ऐकून मोजायचं. टीकेची वाक्यं सहा किंवा जास्त, थोडाही तिरस्कार, किंवा अतिगुंतवणूक (पेशंटमध्ये गरजेपेक्षा जास्त जीव गुंतवणं) पाचपैकी तीन किंवा जास्त झाली, की घर ‘हाय’. यातलं एकही पुरतं. टीका शब्दांवरून ठरते तशीच आवाजावरूनही, म्हणून टाइप केलेल्या कागदावर हे काम होत नाही.

इचलकरंजीकडचे एक वडील (तपशील बदललेत). “नऊ वाजलं तरी पोरगं अंथरुणातच. उठवाय गेलं की अंगावर येतंय. आमी त्याच्या वयात दोन-दोन माग चालवत हुतो.” पहिलं वाक्य नुसती माहिती म्हणून सोडता आलं असतं, पण ‘अंथरुणातच’वरचा तो झटका ऐकला आणि खूण केली. आईचा आवाज मात्र अगदी मऊ. आंघोळीचं पाणी ती काढून देते, डोक्याला तेल लावते. तिशीतल्या मुलाला आईनं तेल लावणं आपल्याकडे काही जगावेगळं नाही. त्यावर मी मार्क देत नाही. पण मुलाला सोडून ती माहेरच्या लग्नालाही गेली नव्हती, तो झोपल्याशिवाय पाठ टेकत नव्हती. ते अतिगुंतवणूक म्हणून धरलं. चंडीगडच्या १९८७च्या अभ्यासात जेमतेम २३ टक्के नातेवाईक ‘हाय’ निघाले होते, लंडनपेक्षा खूपच कमी. त्यामुळे तिकडची पट्टी इकडे लावताना माझा हात जरा जडच होतो.

आणि टीका बहुतेक कशावर असते? भास-भ्रमांवर फारशी नाही. लोळणं, न बोलणं, आंघोळ न करणं यावर. म्हणजे जे घरच्यांना आळस वाटतं, पण आजाराचाच भाग असतं. या वडिलांना तेवढंच दोन-तीनदा सांगितलं. शिवाय त्यांची पाळी रात्रीची, म्हणजे दिवसभर बापलेक एकाच खोलीत. आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर असणं ‘हाय’ घरात जोखमीचं, असं जुने अभ्यास सांगतात. इथे ते दोन-तीन दिवसांतच भरत होते. गोळ्या चालू ठेवून मुलाला दुपारी चुलत्याच्या किराणा दुकानात बसवायचं ठरलं.

परवा वडील आले. “बसतंय दुकानात, पर गिऱ्हाइकाशी बोलत न्हाई वो.” ही टीका धरायची का, यावर माझं आणि आमच्या डॉक्टरांचं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात धर. मी आवाज ऐकला होता, मी धरणार नाही.