लाटेवर झोका चढवताना : माझा अनुभव

ऑक्टोबरात मुल्कीहून सर्फिंग शिकून परत आले तेव्हा मला बोर्डवर उभं राहता येत होतं, पण पुढे जाता येत नव्हतं. लाट मिळायची, मी उभी राहायचे, आणि तीन-चार सेकंदांत मागून पांढरा फेस येऊन मला गिळायचा. पाच दिवसांतल्या जवळजवळ सगळ्या लाटा अशाच संपल्या.

मी नेरूळला राहते. इथे पाणी आहे, पण खाडीचं. खाडीला भरती-ओहोटी असते, चढून जावं अशी लाट नसते. म्हणून पनवेलला दुपारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस पकडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नाटकात मुल्कीला उतरायचं. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते. जवळच ससिहित्लूचा किनारा आहे, जिथे २०१६ साली इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा झाली होती. पावसाळा सरला की तिथे नवशिक्यांना झेपतील अशा लाटा येतात. त्यातल्या बऱ्याच लाटांचा जन्म पार दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांत झालेला असतो. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा ताफा दिवसाला साधारण हजार किलोमीटर कापतो. इतक्या लांबून आलेली लाट माझ्या हातून चार सेकंदांत वाया जाते, याचं मला खरंच वाईट वाटायचं.

चौथ्या दिवशी माझ्याकडून मोठी चूक झाली. पाण्यातला पहिला नियम असा, की लाट जिथून फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. इतरांनी थांबायचं. मी डावीकडे न बघताच हात मारले, उभी राहिले, आणि पाहते तर मागून एक मुलगा त्याच लाटेवर येत होता. माझा वेग इतका कमी होता की त्याच्या वाटेत मी खांबासारखी उभी राहिले. त्याने बोर्ड वळवून लाट सोडून दिली. तो एक शब्दही बोलला नाही. मी वल्हवत त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "दादा, चुकलं माझं. बघितलंच नाही मी." त्यावर तो मराठीत म्हणाला, "असू दे ताई, होतं सुरुवातीला." मुलगा निघाला ठाण्याचा, कोपरीचा.

तोपर्यंत पाण्यात माझ्यावर सल्ल्यांचा नुसता मारा झाला होता. एक जण ओरडायचा, वजन पुढे घ्या. दुसरा म्हणायचा, मागचा पाय दाबा. तिसरा सांगायचा, बोर्डच बदला. सगळे चांगल्या मनाने सांगत होते, पण लाटेवरच्या चार सेकंदांत माणूस किती गोष्टी डोक्यात ठेवणार? या मुलाने मात्र आम्ही दोघं पाण्याबाहेर येईपर्यंत वाट पाहिली आणि वाळूवर बसल्यावर विचारलं, "ताई, एक सांगू का?" मी हो म्हटल्यावर त्याने खरंच एकच गोष्ट सांगितली. "तुम्ही लाटेच्या पायथ्याशी जाऊन जागच्या जागी उड्या मारताय. त्याने बोर्ड पाण्यात रुततो. वेग वर आहे. वरच्या तिसऱ्या हिश्शात राहा."

त्या रात्री मी हिशेब करून पाहिला. लाट साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट सुमारे १.३ मीटर पाण्यात फुटणार, आणि तेवढ्या पाण्यात तिचा वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास असतो. सरळ किनाऱ्याकडे जायला तेवढा पुरतो. पण लाट एकदम सगळी फुटत नाही, एका टोकाकडून दुसरीकडे फुटत जाते. फुटणारं टोक माथ्याच्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करत पुढे सरकत असेल, तर त्याच्या पुढे राहायला बोर्डला ताशी १८ किलोमीटर लागतात. हा जादाचा वेग लाट आपण होऊन देत नाही. तो उतारावरून मिळवावा लागतो. लाटेच्या अंगावरचं पाणी सतत वर चढत असतं, त्यामुळे वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून आपण खाली उतरत राहावं तसं होतं. उतार संपत नाही. मात्र एकदा पायथ्याच्या सपाट पाण्यात गेलं की उतरायला काही उरत नाही.

पाचव्या दिवशी वर राहायचा प्रयत्न केला आणि दोन सेकंद जास्त मिळाले. मग सुट्टी संपली.

नेरूळला आल्यावर सर्फस्केट घेतला. दिसतो स्केटबोर्डसारखाच, पण पुढची चाकं जास्त मोकळी वळतात. त्यामुळे पाय जमिनीला न लावता, नुसतं अंग डावी-उजवीकडे वळवून वेग घेता येतो. येतो म्हणजे यायला हवा. रोज पहाटे साडेपाचला, गाड्या सुरू व्हायच्या आत, आमच्या सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर मी सराव करायचे. नोव्हेंबर सगळा गेला आणि डिसेंबरही निम्मा. वळणं जमायला लागली, पण दहा वळणांनंतर बोर्ड मंदावायचाच.

आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. ती सकाळी फिरायला खाली उतरायची आणि बाकावर बसून माझा सराव बघायची. एके दिवशी म्हणाली, "अगं, तू नको तिथे वाकतेस. झोका चढवताना खाली आल्यावर कुणी वाकतं का?"

मी थांबलेच. आईचं माहेर साताऱ्याकडचं. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यांवर उभ्याने झोका चढवत ती वाढली. दोन्ही टोकांना गुडघे वाकवायचे आणि झोका खाली येऊन वर निघाला की ताठ व्हायचं, हे तिच्या अंगातच होतं. तळाशी आपलं वजन सर्वांत जास्त जाणवतं. त्या जोराविरुद्ध अंग वर उचललं की आपण केलेले कष्ट झोक्यात जमा होतात. टोकाला अंग हलकं असतं, तिथे वाकल्याने फारसं काही गमवावं लागत नाही. लाटेवरचं पंपिंग, म्हणजे अंग वर-खाली करून बोर्डला वेग देणं, तेही असंच. खाली येताना वाकायचं, बोर्ड वळून वर निघाला, पायांना जडपणा जाणवला की उभं व्हायचं, आणि माथ्याशी हलकं वाटताच पुन्हा वाकून, पुढच्या पायावर वजन देऊन बोर्डचं नाक खाली वळवायचं. मी नेमकं उलटं करत होते. अंग जड झालं की घाबरून आणखी खाली बसत होते.

सपाट रस्त्यावर तळही नाही आणि टोकही नाही, पण वळण आहे. वळण सर्वांत घट्ट असतं तेव्हा अंग जड होतं. तिथे उभं व्हायचं. आई बाकावरून ताल धरायची, "आत्ता... आत्ता...", आणि मी उठायचे. आठवड्याभरात बोर्ड मंदावायचा थांबला. जानेवारीत एका दमात रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, एकदाही पाय खाली न टेकता.

फेब्रुवारीत पुन्हा मत्स्यगंधा. पहिले दोन दिवस काहीच जमलं नाही, कारण रस्ता सरकत नाही आणि पाणी सरकतं. घाई करून मी माथ्यावर फार चढायचे आणि लाट मला सोडून पुढे निघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला, पाणी काचेसारखं. छातीएवढी लाट आली. डावीकडे नीट बघून घेतलं, कुणी नव्हतं. उभी राहिले, नजर उजवीकडे लांब टाकली. खाली आले, पाय जड झाले, उठले. माथ्याशी वाकले. पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी बोर्डचा आवाज बदलला. आधी छपछप व्हायची, आता फडका फाडावा तसा एकसलग आवाज येत होता. फेस मागे राहिला होता आणि मला तो ऐकूही येत नव्हता. लाट संपून मी पाण्यात बसले तेव्हा सुरुवातीची जागा इतकी लांब राहिली होती की परत वल्हवायला दम लागला.

हे फक्त उजवीकडे जाताना जमतं, तोंड लाटेकडे असतं तेव्हा. डावीकडे जाताना पाठ लाटेकडे होते, टाचांवर वळावं लागतं, आणि तिथे मी अजून खाली बसते. सध्या पहाटे रस्त्यावर तेवढंच चाललंय, टाचेकडचं वळण आणि उभं होणं. आई गावी परतली आहे, म्हणून ताल मलाच मोजावा लागतो. एप्रिलचं तिकीट काढून ठेवलं आहे.