अडतीस कोटींची संख्या आणि सात

३८१६५४७२९. वाचायची तर अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस. १ ते ९ हे अंक हिच्यात एकेकदाच आलेत. आता डावीकडून बघत चला: ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असं करत करत अख्ख्या संख्येला ९ ने. या नऊ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्या होतात. त्यांत हे जमवणारी ही एकटीच.

असलं काही व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गणिताचा चमत्कार’ म्हणून येतं, खाली जोडलेले हात. मला वैताग येतो त्या हातांचा. मिरजेत माझ्याकडे सहावी-सातवीची मुलं शिकवणीला येतात, त्यांना मी ही संख्या सांगतच नाही. शोधा म्हणते. विभाज्यतेच्या कसोट्या पोरांना पाठ असतात, पण त्यांचा खरा उपयोग करायची वेळ कधी येते?

पाचवा अंक ५, कारण ० घ्यायचाच नाही. दुसरा, चौथा, सहावा, आठवा सम, म्हणून बाकीचे सगळे विषम. इथवर पोरं आपली आपण येतात. मग चौथ्या अंकाकडे बघायचं. त्याच्या आधी विषम अंक आहे आणि दोघांच्या जोडीला ४ ने भाग जायला हवा. १४, ३४ चालत नाहीत, १८, ३८ नाहीत. २ किंवा ६ च. पहिल्या तीन अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यातली, पहिल्या सहांचीही, म्हणजे मधल्या तिघांचीसुद्धा हवी. त्या तिघांच्या मधोमध ५. झालं! मधला तुकडा २५८ नाहीतर ६५४. हे फळ्यावर आपोआप उमटताना बघण्यासाठी मी दरवर्षी हा तास घेते, खरं सांगायचं तर.

आठवा अंकही तसाच २ किंवा ६ वर येतो. उरलेले विषम अंक बसवत गेलं की वहीत पहिल्या सात अंकांचे दहाच उमेदवार राहतात. ९ ची काळजी नाही, १ ते ९ ची बेरीज ४५.

राहिला सात. त्याची सुटसुटीत कसोटी नाही, सरळ भागाकार. पोरांचा सगळा जीव ९८७६५४३ वर असतो, उतरत्या ओळीत किती देखणी दिसते! बाकी ५. बाद. ३८१६५४७ मात्र बरोबर ७ गुणिले ५४५२२१. बाकीच्या नऊही गळतात.

“बाई, हीच का?” याला माझ्याकडे कारण नाही. सातापर्यंतचं सगळं सक्तीचं होतं. सातने केलेली निवड मला तरी निव्वळ योगायोग वाटते. दहा उमेदवार, प्रत्येकाला सातात एक संधी. एकही न उरण्याची शक्यता साधारण पाचात एक होती. दहाऐवजी बारा पाया धरून, म्हणजे दहाऐवजी बारा अंक-चिन्हं वापरून, संख्या लिहिल्या तर अशी संख्या मिळतच नाही.

यंदा एकाने विचारलं, पुढे वाढवली तर? शेवटी ० लावला की १० ने भाग जातो. अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर ११ साठी ६, १२ साठी ०, १३ साठी ८, प्रत्येक वेळी एकच अंक चालतो: ३८१६५४७२९०६०८. चौदाव्या जागी मात्र १४ ला सम अंक हवा, आणि त्यातला सात ५ मागतो.